मावशीच्या हातचं इंजेक्शन

११ नोव्हेंबर, मंगळवार

आले एकदाची आसेगावला, मावशीकडे. कारंजाहून मंगरूळपीरपर्यंत एसटी, आणि पुढे मावशीच्या यजमानांची, मारोतराव काकांची गाडी. काकांनी सीटवर धुतलेली चादर अंथरली होती. माझ्यासाठी आज गाडी दोनदा धुतली म्हणाले. एवढा थाट नवरीचासुद्धा होत नाही, असं मी म्हटलं तर खूप हसले.

ही वही साक्षी सिस्टरनं दिली आहे. वाशीमच्या ज्या सेंटरमध्ये माझी केमो चालू आहे तिथली ती सिस्टर. रोजचा ताप, जेवण, इंजेक्शन आणि कुठे काय दुखतं ते लिहायचं. मी म्हटलं, मी पार्लरवाली बाई, आयुष्यभर भुवया कोरल्या, मला लिहायला कुठे जमतंय. तर म्हणते, बोलतेस तसं लिही, एक वही पुरायची नाही.

कारंजात राहणं शक्यच नव्हतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आमची खोली त्याच आवारात. सीझन सुरू झाला की भातातसुद्धा रुई सापडते. केमोनंतर अंगातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि मग साधी सर्दीही जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांनी बिनधुळीचं घर बघायला सांगितलं. मी बघायच्या आधीच मनकर्णामावशीचा फोन आला. ‘‘कुठी जाऊ नको. माया घरी ये.’’

मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा मी नववीत होते. त्यानंतरची प्रत्येक सुट्टी याच घरात गेली. मावशीच्या दोन पोरी, एक योगिनी आणि एक मी, असंच गाव म्हणायचं. तिची वाटणी कायम सारखी. आंबा असो की धपाटा, दोघींना अर्धा अर्धा. शिवाय मावशी तीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होती, गेल्या वर्षीच रिटायर झाली. म्हणजे इंजेक्शनसाठी कुणाच्या पाया पडायला नको.

मला गल्लीकडची खोली दिली आहे. नवी मच्छरदाणी, उकळून गार केलेलं पाणी, वेगळं ताट. योगिनी पुण्याला क्लासला गेली आहे, तिच्याशिवाय घर सुनं वाटतं. मागच्या खोलीकडे फिरकू नको म्हणाली मावशी, तिथे सोयाबीनच्या पोत्यांत विषारी गोळ्या टाकल्यात, वाससुद्धा वाईट. मी कशाला जाते तिकडे?

ताप ९८.२. दोन भाकरी खाल्ल्या. दुसरी मावशीच्या धाकानं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिसरी केमो झाली. मावशी दिवसभर खुर्चीजवळ बसून होती. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, पांढऱ्या पेशी पाच हजार दोनशे. डॉक्टर खूश.

सिस्टरनं बर्फाच्या थर्मासात पाच इंजेक्शनं दिली. प्रत्येक सुईवर मार्करनं माझं नाव आणि एक ते पाच आकडे घातले. केमोनंतर चोवीस तासांनी पहिलं, मग रोज एक. त्यानं हाडांतला मगज जोरात कामाला लागतो आणि पेशी पडत नाहीत. फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवायची, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही, गोठलं की वाया. आणि हाडं दुखली तर घाबरायचं नाही, इंजेक्शन लागू पडतंय असं समजायचं. शेवटची ताकीद मात्र तिनं दोनदा दिली. ताप शंभरच्या वर गेला तर गोळी घेऊन दाबायचा नाही, जशी असशील तशी उठून यायचं.

मावशीला तिचा राग आला असावा. गाडीत म्हणाली, ‘‘मी तीस वर्स लोकायले सुया टोचल्या. हे कालची पोरगी मले शिकवून राह्यली.’’ काका गालात हसले.

ताप ९८.४. उलटी दोनदा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं इंजेक्शन. कॅन्सर झाला तरी सुईची भीती काही गेली नाही. मावशीला माहीतच आहे. ‘‘डोये मीट व माय,’’ म्हणाली, आणि मी डोळे मिटून कॅलेंडरकडे तोंड केलं. पोटावर मुंगी चावल्याएवढंच. उघडले तर मावशी कापूस चोळत होती.

दुपारभर उन्हात खुर्ची टाकून बसले. कपाशी वेचून परतणाऱ्या बाया गल्लीतून जाताना थांबायच्या. मावशी एकेकीला सांगायची, भाची आहे, कॅन्सर आहे, आता आमच्याकडेच राहील. जरा जास्तच मोठ्यानं सांगते. पण अभिमानानं सांगते, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

ताप ९८.२.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरं इंजेक्शन सकाळीच झालं. मावशी आणि काका अकोल्याला गेले आहेत, काही खरेदी आहे म्हणे. इंजेक्शननंतर माझा पुन्हा डोळा लागला, तेव्हाच निघाले.

दुपारपासून कंबर आणि मांड्या ठणकताहेत. आतून कुणी वरवंटा फिरवतंय असं. रडू येत होतं आणि हसूही. सिस्टरनं सांगितलंच होतं. फिरव बाई वरवंटा, म्हटलं, चांगला फिरव.

ताप ९८.६.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गडबड. दुपारी बारा वाजता न सांगता पाहुण्यांची गाडी दारात. योगिनीचं जमलंय! मंगरूळपीरचे लोक आहेत, मुलगा बँकेत, आणि मला आत्ता कळतंय. पुढच्या रविवारी इथेच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. त्यांच्याकडच्या बाया थेट स्वयंपाकघरात शिरल्या, पाणी काढायला फ्रिजही उघडला. मावशीला इतकी बावरलेली मी कधी पाहिली नव्हती. मी मास्क लावून खोलीतच बसले. मावशी त्यांना सांगत होती, हे थर्मास, हे औषधं, सगळं भाचीचं.

पाहुणे चार वाजता गेले. तोवर इंजेक्शन राहूनच गेलं होतं. मावशी ते घेऊन आली तेव्हा तिचे हात गार होते आणि डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, कांदे कापले. डोये मीट.

कंबर अजून दुखते आहे. ताप ९८.४.

१६ नोव्हेंबर, रविवार

चौथं इंजेक्शन. आणि काय सांगू, ठणका गेला! सकाळी उठले तर अंग हलकं. मावशीला मिठीच मारली. तुझ्या हाताला यश आहे म्हटलं. तिनं मला जरा जोरातच बाजूला केलं. पेशंटनं असं चिकटू नये म्हणाली.

आज तिनं एक गोळी दिली, पित्ताची. रोज सकाळी घ्यायची.

ताप ९८.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाचवं इंजेक्शन झालं. दुखणं अजिबात नाही.

पण घरात कुणीतरी कण्हतंय. दुपारी, सगळं शांत असताना. माझ्याच कमरेतून निघावा तसा आवाज, पण भिंतीपलीकडून. मावशी म्हणाली, शेजारच्या रुपाबाईची म्हैस व्यायला झाली आहे.

म्हैस ‘आई गं’ म्हणत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

योगिनीचा व्हिडिओ कॉल. मीच मागे लागले होते. वाळली आहे पोरगी. आणि भुवया! मी चिडवलं, पुण्यात भुवया पेंटर रंगवतो का गं? पेन्सिलीनं काढलेल्या होत्या, खाली केसच नव्हते. कपाळावरचे केसही सरळ रेषेत उगवलेले. माझा धंदा आहे हा, मला कोण फसवणार? म्हटलं, नवी फॅशन असेल. ती हसली नाही. निकूताई, तू बरी हो, एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

तेवढ्यात गावातली पिठाची चक्की सुरू झाली. तिचा भोंगा वाजतो ना, तो. गल्लीतून ऐकू आला.

फोनमधूनही आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाशीम. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी नऊशे.

पाच हजारांवरून नऊशे. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. तेवढेच. इंजेक्शनं वेळेवर दिली का, गोठली तर नाहीत ना, हे सिस्टरनं मावशीला चार वेळा विचारलं. मावशी ताडकन म्हणाली, ‘‘माया पोटची हाय असं समजून देल्ली.’’ मलाच सिस्टरचा राग आला. मावशीवर संशय घ्यायचा म्हणजे काय!

आणखी तीन इंजेक्शनं दिली, उद्यापासून. शनिवारी पुन्हा रक्त. मला ॲडमिट करायचं का यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. मावशी म्हणाली, दवाखान्यात शंभर लोकांचा खोकला, त्यापेक्षा माझं घर बरं. ते डॉक्टरांना पटलं.

गाडीत डोक्यात तेवढंच. नऊशे, नऊशे. मला मरायचं नाही. हे लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इंजेक्शन झालं. दुखत नाही. दुखायला पाहिजे. मी पोटाकडे बघत बसले आहे.

तोंड आलंय. पाणीही झोंबतं. सकाळी गोळी घेण्याआधी अंग तापलं होतं असं वाटलं. मावशी म्हणाली, गोळीनंतर अर्ध्या तासानं लावू थर्मामीटर. लावलं. ९८.४.

माझा निळा स्कार्फ सापडत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दोन. मी हे भानावर राहून लिहिते आहे.

मागच्या अंगणात, तुळशीजवळ, मी उभी होते. म्हणजे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते आणि अंगणातही मीच होते. टक्कल, निळा स्कार्फ खांद्यावर घसरलेला, कमरेवर हात दाबून वाकलेली. ऊन लख्ख होतं. तिनं मान वर केली. भुवया नव्हत्या.

मी ओरडले. मावशी धावत आली तोवर अंगण रिकामं. ‘‘तुले भास होऊन राह्यले,’’ म्हणाली. मग ओसरीत रुपाबाईला सांगताना ऐकलं, पोरीच्या डोक्यात गेलं, आता काहीही बोलते, मनावर घेऊ नका.

मी वेडी नाही.

आज डोळे किलकिले ठेवले. मावशीनं सुई पदराआडून काढली. तिच्यावर नाव नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहिते. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

आज रक्त तपासायला जायचं होतं. काका म्हणाले गाडी बिघडली. थोड्या वेळानं त्याच गाडीतून मावशीला घेऊन मंडपवाल्याकडे गेले. तोंडाची आग आग होत होती म्हणून बर्फ घ्यायला फ्रीझर उघडला. बर्फाच्या ट्रेमागे, मटारच्या पिशवीत, एक खोका. अकोल्याच्या दवाखान्याची चिठ्ठी. १४ नोव्हेंबर. पाच सुया, गोठून पांढऱ्या. चिठ्ठीवर नाव योगिनीचं.

मागच्या खोलीची कडी काढली. पोती नव्हतीच. खाट होती, खाटेवर योगिनी. खिडकीत सुया पडल्या होत्या. निकिता ३. निकिता ४. निकिता ५. सिस्टरचं अक्षर. शेजारी कालपरवाच्या दोन, त्यांवरही मीच.

योगिनीनंच सांगितलं. पोटात गाठ निघाली तिच्या, दिवाळीआधी. लग्न जमलेलं होतं. म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून मला बोलावलं. घरात एक टक्कल उघड असलं की दुसऱ्याचा संशय येत नाही. नाल्यात केस, दारात थर्मास, गाडीची धावपळ, सगळं भाचीचं. मावशी बायांना मोठ्यानं सांगत होती ते यासाठी.

तिला शुक्रवारी केमो झाली होती. शनिवारी पाहुण्या बायांनी फ्रिज उघडायच्या आत मावशीनं तो खोका फ्रीझरमध्ये कोंबला. नर्सबाईनं. गोठला. मग माझ्या सुया.

मी योगिनीला विचारलं, तुला माहीत होतं? मला वाटलं नाही म्हणेल. देवा, मला इतकं वाटलं की नाही म्हणेल. ती म्हणाली, ‘‘माहीत होतं, ताई. मी पह्यले नाई म्हनलं होतं.’’

मावशी परत आली. आधी रडली. म्हणाली, त्या शनिवारी अर्धं अर्धं केलं होतं. नेहमीसारखं. दोघींना सारखं. पण योगिनीला कणकण वाटली, मग पुढची सगळी तिला. आणि मला? मिठाचं पाणी. पोटाला कापूस चोळत होती. मी तिला मिठी मारली होती.

मी किंचाळले तेव्हा ती बोलली ते शब्द जसेच्या तसे: ‘‘तुले कोन पाह्यले येऊन राह्यलं? तिचं लगन हाय. दोन दिवस थांबाले काय होते तुले?’’

केराच्या डब्यात पित्ताच्या गोळीचं पाकीट बघितलं. पित्ताची नाही. तापाची आहे. रोज सकाळी माझा ताप दाबायची, मग मोजायची. किती दिवस ताप आहे मला, मला माहीत नाही. दवाखान्यात नेलं तर सुयांचा हिशोब विचारतील. साक्षगंध झाल्याशिवाय नेणार नाही.

फोन काढून घेतला. कडी काकांनी लावली. काका. माझ्याकडे बघितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळ. थंडी. दात वाजतात. थर्मामीटर दिलं नाही.

योगिनीला माझ्यासमोर बसवलं. बाहेरची पार्लरवाली कशी बोलावणार. मावशी दारात उभी. म्हणाली भुवया काढून दे, विग नीट बसव, पंगत उठली की गाडी थेट वाशीमला. योगिनीच्या गळ्याची शपथ घेतली.

काढल्या. पेन्सिलीनं एक एक केस रेखून काढल्या. अशा भुवया मी कुणाच्या केल्या नाहीत. कानात म्हटलं, योगू, सिस्टरला एक फोन कर. मी मरेन. तिनं आरशात बघितलं. म्हणाली, डावी थोडी खाली झाली का गं ताई?

मी ती नीट केली. का केली? माझे हात तेवढंच—

बँड. पाहुणे आलेत. ते म्हणतात नवरी किती सुंदर—

मावशी बायांना सांगते, आतून आवाज आला तर लक्ष देऊ नका, पोरीच्या डोक्यावर—

घशातून आवाज निघत नाही. रक्त थुंकले. गल्लीकडची खिडकी बाहेरून खिळे मारून. धुळीसाठी, म्हणाली होती.

उभी राहता येत नाही. बसून लिहि—

स्कूटी. गल्लीत. खिडकीखालीच.

साक्षी सिस्टर. तिचाच आवाज. सुट्टी आहे, मंगरूळला घरी चालली, काल रक्ताला आली नाही, फोन बंद, म्हणून वाट वाकडी करून—

आली. आली ती.

मावशी गेली बोलायला. दोन हातांवर आहेत दोघी. सगळं ऐकू येतंय.

मावशी सांगते, निकिता काल सुई झाल्यावर बापासोबत अकोल्याच्या दवाखान्यात गेली, रक्त तिथंच तपासणार. बरी होती. ताप नव्हता. जेवत होती.

सिस्टर विचारते, तिन्ही इंजेक्शनं झाली ना.

झाली म्हणते. डोये मिटून घेते पोरगी, पन सुई टोचू देते—

पेला आपटते आहे भिंतीवर. बँड. पुन्हा आपट—

सिस्टर विचारते हा आवाज कसला.

मावशी हसली. मंडपवाले म्हणाली.

सिस्टर म्हणते बरं झालं. तुमच्यासारखी मावशी आहे म्हणून तिची काळजी नाही वाटत—

किक मारली. सिस्टर. सिस्टर मी गेले नाही, मी इथेच आहे, या खिडकीच्या—